हायड्रोलिकची गळती : बोट नको, पुठ्ठा धरा



मराठवाड्यातील एका खेड्यातून आमच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरात ट्रॅक्टर आहे, तो स्वतःच्या रानात चालतो आणि भाड्यानेही जातो. ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रोलिकच्या लोखंडी पाइपातून तेल झिरपू लागले आहे. पेरणी तोंडावर आली आहे. त्यांचे शोहर म्हणतात, एम-सील लावून हंगाम काढू. दीर म्हणतात, वेल्डिंगचा एक टाका मारला की झाले. आणि चौदा वर्षांचा मुलगा इंजिन चालू असताना पाइपावरून बोट फिरवून गळती कुठे आहे ते शोधतो. भगिनी विचारतात, ‘हे काम घरी होण्यासारखे आहे का? आणि मुलगा करतो ते ठीक आहे का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. मुलाला आजच थांबवा. पाइप महिनाभर गळला तर तेलाचे पैसे जातील. बोट फिरवण्यात हात जाऊ शकतो.

या पाइपातले तेल पाण्याच्या नळासारखे वाहत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये दाब साधारण १५० बार आणि कित्येक यंत्रांत त्याहून अधिक असतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती सुमारे २ बार. १५० बार म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेवर दीड क्विंटल भार. पाइपाला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की तेवढ्या दाबाचे तेल केसासारख्या बारीक धारेने बाहेर पडते. ही धार पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, नुसते धुके दिसते. माणसाच्या कातडीतून आत शिरायला ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो. मग दीडशे बारचे काय सांगावे.

अशी धार बोटाला लागली की सुई टोचल्यासारखे वाटते, एवढेच. रक्तही फारसे येत नाही. माणूस बोट पुसतो आणि कामाला लागतो. तेल मात्र आत शिरून कातडीखाली, स्नायूंच्या आवरणातून तळहाताकडे पसरलेले असते. काही तासांनी बोट सुजते, ताठ होते, ठणका लागतो, रंग बदलतो. तोवर आतले मांस मरू लागलेले असते. वरून इवलीशी जखम दिसते म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पट्टी एवढ्यावरच काम भागवले जाण्याचा धोका असतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः आई-बहिणींनी, एक गोष्ट लक्षात ठेवावी : हायड्रोलिकच्या तेलाने टोचले तर ती किरकोळ जखम समजायची नाही. दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात, शल्यचिकित्सकाकडे जायचे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायचे, ‘उच्च दाबाचे तेल कातडीच्या आत गेले आहे, किती वाजता गेले ते हे.’ तेलाचा डबा किंवा त्याच्या नावाचा फोटो बरोबर न्यायचा. बोटातली अंगठी लगेच काढायची, हात वर धरायचा. दाबून तेल काढण्याचा प्रयत्न करू नये. हळद, चुना, शेक काही लावू नये. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नये. सहा तासांच्या आत जखम उघडून धुतली गेली तर हात वाचण्याची आशा पुष्कळ वाढते.

आता पहिला प्रश्न : काम घरी होते का? काही भाग होतो, काही होत नाही. कोणता कोणता, ते समजण्यासाठी यंत्राचे तत्त्व दोन वाक्यांत पाहू.

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. हा पास्कलचा नियम आपली मुले शाळेत शिकतात. घरी दाखवायचा असेल तर औषधाच्या दुकानातून दोन कोऱ्या सिरिंज आणा, एक २ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. सुया बाजूला टाका, मध्ये सलाइनची नळी जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंज पाच वर्षांच्या मुलीने दाबली तरी मोठीचा दट्ट्या हाताने रोखायला मोठ्या भावालाही जोर लावावा लागतो. ट्रॅक्टरचा पंप म्हणजे ती लहान सिरिंज आणि ट्रॉलीखालचा जॅक म्हणजे मोठी. या दोहोंमधली नळी म्हणजे आपला गळका पाइप. ट्रॉलीतला सगळा माल त्या नळीच्या भरवशावर वर उचललेला असतो.

दट्ट्या आणि नळी यांची ही विद्या आपल्या वारशाला परकी नाही. दियारबकरच्या आर्तुकी दरबारातील कारागीर अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात दोन नळकांड्यांचा, दट्ट्यांनी पाणी ओढून वर चढवणारा पंप वर्णिला आहे. त्यांचे वैशिष्ट्य असे की यंत्राचे नुसते कौतुक न करता ते कसे बनवायचे हे त्यांनी मापांसह, टप्प्याटप्प्याने सांगितले. आपणही त्याच रीतीने पुढे जाऊ.

पहिला टप्पा : दाब उतरवणे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. ट्रॉली आणि अवजार पूर्ण खाली जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. मग हायड्रोलिकचा दांडा चार-पाच वेळा पुढे-मागे करा म्हणजे पाइपात कोंडलेला दाब निघून जाईल. तेल गरम असते, ते निवू द्या. पाइप सोडायचा आहे आणि ट्रॉली मात्र वरच उचललेली हवी, अशी वेळ आली तर काम करूच नका. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोके घालणे म्हणजे जीव एका नटाच्या हवाली करणे होय. माल भरलेल्या ट्रॉलीखाली तर टेकू असला तरी जाऊ नये.

दुसरा टप्पा : गळती शोधणे. तेलाने सगळाच पाइप माखलेला असतो आणि त्यावर धूळ बसलेली असते, म्हणून कुठून गळते ते कळत नाही. जुन्या कपड्याला थोडे डिझेल लावून पाइप, नट आणि आजूबाजूची जागा पुसा, मग कोरड्या कपड्याने पुन्हा पुसा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. थोड्या वेळाने जिथे पहिली ओल दिसेल ती जागा. नाही दिसली तर मोठ्या माणसाने डोळ्यांवर चष्मा लावून इंजिन मंद चालवावे आणि हातभर लांब काठीला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवावा. धार असेल तर पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटतो. हातमोजे घातले आहेत म्हणून बोट चालेल असे समजू नका, ही धार मोज्यातूनही जाते. मुलांना या वेळी अंगणात येऊ देऊ नका.

तिसरा टप्पा : नेमके काय गळते ते ओळखणे. पाइप गळतो असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा पाइप धड असतो आणि त्याच्या टोकाचा सांधा गळत असतो. सांध्यात कुठे ओ-रिंग असते, कुठे तांब्याचे वायसर, कुठे रबर चिकटवलेले लोखंडी वायसर, तर कुठे पाइपाचे तोंडच भोंग्यासारखे फुलवून नटाखाली दाबलेले असते. त्याला फ्लेअर म्हणतात. सांधा गळत असेल तर हे काम घरी होते. इंजिन बंद आणि दाब उतरवलेला असताना दोन पाने घ्या. एकाने समोरचा भाग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर केला तर पाइप पिळला जातो. नट ढिला असेल तर थोडा आवळून पाहा. तरी गळले तर आणखी ताकद लावू नका, कारण जास्त आवळल्याने फ्लेअर फाटते आणि वायसर चेपते. सांधा उघडा, जुनी ओ-रिंग किंवा वायसर बरोबर घेऊन दुकानात जा आणि त्याच मापाचे, हायड्रोलिक तेलाला चालणारे नवे आणा. नळाला लावतो ती रबराची चकती इथे चालत नाही. टेफ्लॉन टेपही लावू नका. अशा सांध्यांत गळती चुडीमुळे थांबत नाही, बसणाऱ्या तोंडामुळे थांबते. आणि टेपचे तुकडे तेलाबरोबर जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

पाइपच गळत असेल तर त्याची कारणे सहसा तीन. पट्टीखाली पाणी आणि खताचा अंश साचून पाइप गंजतो. पट्टीचा नट पडून गेल्यावर पाइप चासीला घासतो आणि झिजतो. किंवा सततच्या हादऱ्याने वाकणाजवळ, नाहीतर नटाच्या मागे बारीक तडा जातो. अशा पाइपाला काय करावे, यावर त्या घरात तंटा आहे, म्हणून प्रत्येक उपाय वेगळा पाहू.

एम-सील पाण्याच्या टाकीला उत्तम. इथे पाइप तेलकट, दाब दीडशे बार आणि हादरा सतत. ते टिकत नाही, आणि सुटते तेव्हा पूर्ण दाबाखाली सुटते. रबरी नळीचा तुकडा घालून वर क्लिप आवळणे हा प्रकारही तसाच. ती नळी काही थोड्या बारसाठी असते.

वेल्डिंगचा टाका वरून मजबूत दिसतो. परंतु गंजाने आतून-बाहेरून पातळ झालेल्या पाइपात टाक्याच्या शेजारची जागा उष्णतेने आणखी कमजोर होते. आत पपडी सुटते आणि पंपात जाते. पाइपात राहिलेल्या तेलाची वाफ पेट घेऊ शकते. पाच-सातशेचा पाइप वाचवताना पंप गमवावा, हा हिशेब कुणाच्याच फायद्याचा नाही.

मग खरा इलाज कोणता? सर्वांत चांगला, कंपनीचा तसाच पाइप आणणे. तो मिळत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी हायड्रोलिकचे काम करणारी दुकाने असतात. जुना पाइप न वाकवता, दोन्ही नटांसह नमुना म्हणून न्या. नवा पाइप बिनजोडाचा, म्हणजे सीमलेस, तेवढ्याच बाहेरील मापाचा आणि तेवढ्याच जाडीचा हवा. पाण्याचा जीआय पाइप चालणार नाही. दुकानदार विचारेल, लोखंडीऐवजी दाबाची रबरी होज करून देऊ का? घेता येते, पण तिच्यावर छापलेला कामाचा दाब वाचून घ्या. अर्ध्या इंचाची एका तारजाळीची होज साधारण १६० बारपर्यंत आणि दोन जाळ्यांची २७५ बारपर्यंत चालते. आपल्या यंत्राचा दाब पुस्तिकेत पाहून त्याहून जास्त ताकदीची घ्यावी. टोके यंत्रावर दाबून बसवलेली हवीत, क्लिपची नकोत. आणि होज सायलेन्सरला टेकणार नाही, पिळली जाणार नाही, ट्रॉली वळताना ताणली जाणार नाही, एवढी वाट मोजून लांबी ठरवा.

पाइप लांब आहे, सरळ भागात एकाच ठिकाणी घासला आहे आणि बाकीचा धातू खणखणीत आहे, अशा वेळी तेवढा तुकडा काढून दाबाच्या फेरूल युनियनने जोडता येतो. हाताला सवय असेल तर हे घरीही जमते. पाइप कटरनेच कापावा. हॅकसॉच्या कापाने तोंड तिरके होते आणि कीस आत जातो. तोंडाची आतली-बाहेरची धार कानशीने काढावी, पाइप डिझेलने धुऊन हवेने फुंकून घ्यावा. नट आणि रिंग चढवून पाइप युनियनच्या तळाला टेकेपर्यंत सरकवावा, हाताने आवळावा, मग नटावर खूण करून बनवणाऱ्याने सांगितले असतील तेवढेच फेरे द्यावेत. पाइप वाकलेला किंवा सर्वत्र गंजलेला असेल तर हा उपाय नाही.

शेवटचा टप्पा : जोडणी आणि तपासणी. सोडलेली तोंडे काम चालू असताना स्वच्छ पिशवीने बांधून ठेवा. हायड्रोलिकचा खरा शत्रू धूळ आहे. दोन्ही बाजूंचे नट आधी हाताने दोन-तीन चुड्या चढवा, मग पाना लावा. जिथे जिथे पट्ट्या होत्या तिथे त्या पुन्हा लावा. पट्टी नसणे हेच गळतीचे मूळ असू शकते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल भरा. इंजिन मंद ठेवून ट्रॉली रिकामीच दहा-बारा वेळा वर-खाली करा म्हणजे पाइपातली हवा निघेल. तेल दुधासारखे पांढरे, फेसाळ दिसले तर हवा अजून आहे. मग इंजिन बंद करून पातळी पाहा आणि सांधे पुठ्ठ्याने तपासा. नट आवळायचा तर पुन्हा दाब उतरवूनच.

मोटार किंवा जीपचा ब्रेकचा लोखंडी पाइप मात्र आम्ही या लेखाच्या बाहेर ठेवतो. तो गळत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी ओढून न्या. तिथे फेरूलचा सांधा चालत नाही, दुहेरी फ्लेअरच लागते. तेलही वेगळे असते. ब्रेक ऑइलच्या जागी हायड्रोलिकचे किंवा इंजिनाचे तेल पडले तर आतील रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. ‘एवढी पेरणी होऊ द्या’ या म्हणण्यामागची अडचण आम्हाला कळते. पण हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळतो आणि थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तर आठ तासांत सुमारे दीड लिटर तेल जमिनीत जाते. ते आपल्याच रानात जाते, पावसाने विहिरीपर्यंतही जाऊ शकते. पाणी खराब करू नये ही आपल्या दीनची शिकवण आहे. म्हणून काढलेले जुने तेलही ओढ्यात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. हात धुवायला पेट्रोल वापरू नका, त्याने कातडी सोलते. आधी कोरड्या भुशाने किंवा राखेने चोळून ग्रीस काढा, मग साबण लावा. वुजूचे पाणी कातडीपर्यंत पोहोचायचे तर तो थर निघालाच पाहिजे.

आणि हा ट्रॅक्टर भाड्याने जातो. त्यावर बसणारा ड्रायव्हर दुसऱ्या कुणाचा मुलगा असतो, ट्रॉलीमागे उभे राहून माल उतरवणारे मजूर दुसऱ्या कुणाचे अब्बा आणि चाचा असतात. त्यांना त्या पाइपावर एम-सील आहे हे ठाऊक नसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओल लागली, तो प्रसंग आपण मुलांना सांगत आलो आहोत. ओल झाकलेले धान्य आणि तडा झाकलेला पाइप यांत फरक एवढाच, की धान्याने गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात आणि पाइपाने माणूस जातो. ट्रॅक्टर विकताना, भाड्याने देताना, भावाला दोन दिवस वापरायला देताना जो दोष आपल्याला माहीत आहे तो सांगून टाकावा. अल्लाहवर भरवसा ठेवावा तो उंट बांधून, ही शिकवण ट्रॅक्टरलाही लागू आहे.

तेव्हा भगिनींना आमचा सल्ला असा. दिरांना आणि शोहरांना हा लेख वाचून दाखवा. सांधा गळत असेल तर एका दुपारचे काम आहे, घरीच करा. पाइप गळत असेल तर तो सोडून उद्या सकाळच्या एसटीने दुकानात न्या. ट्रॅक्टर पेरणीला लवकर लागेल. आणि मुलाला ओरडू नका. यंत्राची ओढ असलेला मुलगा घरात असणे ही नेमत आहे. त्याच्या हातात दोन सिरिंज आणि सलाइनची नळी द्या, पुठ्ठ्याचा नियम त्याच्याकडूनच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहून घ्या, म्हणजे नवा ड्रायव्हरही तो वाचेल.

पुढील अंकात, इन्शाअल्लाह, विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगविषयी लिहू. पावसाळा सुरू होण्याआधी त्याचीही गरज आहे.